वेळ चुकली? आधी किती चुकली ते सांगा: क्रॉनच्या ओळी आणि पुढच्या रनचा हिशेब

दुपारी अडीचला फोन वाजला. पलीकडे कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका. "अहो, तुमचा तो मेसेज नेमका डोळा लागला की येतो. मुद्दाम करता का?"

मुद्दाम नव्हतं. तो मेसेज सकाळी नऊला जायचा होता. पण पुण्यात दुपारी एक ते चारच्या मधे कुणाची झोप मोडलीत, तर कारण कितीही तांत्रिक असो, ते कुणी ऐकून घेत नाही.

आम्ही काही सोसायट्यांसाठी एक छोटी प्रणाली चालवतो. मेंटेनन्सची बिलं, सभेच्या सूचना, गुरुवारी पाणी बंद असेल तर आदल्या संध्याकाळी 'भरून ठेवा'चा निरोप. सगळं ठरलेल्या वेळी आपोआप जायचं, क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम) भरवशावर, आणि ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी फोन मला येतो. तक्रार नेहमी एकच असते: वेळ चुकली. कारण मात्र दर वेळी वेगळं निघतं. सुरुवातीला मी लॉग उपसत, कोड वाचत, सर्व्हर रीस्टार्ट करत बसायचो. आता सगळ्यात आधी एवढंच विचारतो, किती चुकली? साडेपाच तास, तेवीस मिनिटं, एक दिवस, की फक्त एक तास? बहुतेकदा त्या आकड्यातच रोग कळतो. म्हणून पुढचं सगळं आकड्यांच्या हिशेबाने लिहितोय. तुमचा आकडा जिथे सापडेल तिथून वाचायला लागा.

एक सूचना आधीच देतो. इथल्या ओळी देवनागरी अंकांत आहेत. जशाच्या तशा क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, चिकटवल्यात तर तो 'बॅड मिनिट' म्हणून परत करेल. त्या अंकांनी आमच्याकडेही एकदा घोळ घातला, तो किस्सा पुढे येतो.

आधी ओळ कशी वाचायची

क्रॉनच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यानंतर चालवायची आज्ञा. रकान्यात नुसती चांदणी (*) असेल तर तिथे काहीही चालतं. आज लिनक्सवर दिसणाऱ्या बहुतेक क्रॉनचं घराणं पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनपाशी जाऊन पोचतं, आणि त्याच्या खोडीही वारशाने पुढे आल्या आहेत.

लोक या ओळीकडे अलार्म म्हणून बघतात. खरं तर ती चाळण आहे. डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा क्रॉनचा प्रोग्रॅम, दर मिनिटाला जागा होतो, घड्याळातलं ते मिनिट चाळणीत टाकतो आणि ते पाचही रकान्यांतून खाली पडलं तर आज्ञा चालवतो. मागच्या वेळी कधी चालवलं होतं, मधे किती वेळ गेला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे आपोआप समजतात.

साडेपाच तास

काकांचा मेसेज हाच. ओळ साधी होती:

    ० ९ * * *

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. यूटीसीचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. क्लाउडवर घेतलेली नवी मशीन किंवा कंटेनर बहुतेकदा यूटीसीवरच असतो, आणि आपला लॅपटॉप भारतीय वेळेवर. म्हणून आपल्याकडे सगळं बरोबर चालतं आणि तिकडे गेलं की बिघडतं.

पहिला उपाय सगळेच करतात तो मीही केला. साडेपाच तास वजा करून ओळ लिहिली:

    ३० ३ * * *

रोजच्या कामाला हे चालून जातं. वार किंवा तारीख आली की फसतं. सोमवारी पहाटे चारचं काम यूटीसीत रविवारी रात्री साडेदहाला पडतं, म्हणजे वारही एकाने मागे घ्यायला हवा. तेही जमेल. पण बिलं निघायची ती दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे दोन वाजता. यूटीसीत ती वेळ आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेआठ. आता शेवटचा दिवस कोणता? कधी २८, कधी २९, ३० किंवा ३१. साध्या क्रॉनमध्ये 'शेवटचा दिवस' म्हणायला शब्दच नाही. आमच्यातल्या एकाने घाईत हे लिहून टाकलं होतं:

    ३० २० ३१ * *

वर्षात ३१ दिवसांचे महिने सात. म्हणून बिलंही सातच वेळा निघाली. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरची बिलं गेलीच नाहीत. बिल आलं नाही म्हणून तक्रार करणारा सभासद अजून जन्माला यायचाय, त्यामुळे ही चूक कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तेव्हा वजाबाकी करू नका, वेळापत्रकालाच टाइमझोन सांगा: एशिया/कोलकाता. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये वेळेनंतर झोनचं नाव लिहिता येतं. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबला टाइमझोनचा वेगळा रकाना आहे आणि आवृत्ती १.२७ पासून तो पक्का झाला आहे. क्रोनी नावाचं क्रॉन, म्हणजे रेड हॅटच्या कुळातलं, क्रॉन-टीझेड हा व्हेरिएबल मानतं. डेबियनचं पारंपरिक क्रॉन मात्र ओळीनिहाय झोन मानत नाही, तिथे पूर्ण मशीनचाच झोन बदलावा लागतो. तो बदललात तर क्रॉनचा डीमन रीस्टार्ट करायला विसरू नका. 'डेट' आज्ञा नवी वेळ दाखवते आणि क्रॉन जुन्याच वेळेत रमलेला असतो, हे दृश्य मी दोनदा बघितलंय.

झोन बदलणं हातात नसेल, तर ओळ २८ ते ३१ तारखांना चालवा आणि आज्ञेच्या सुरुवातीला भारतीय वेळेनुसार आज १ तारीख आहे का ते 'डेट'ला विचारा. असेल तरच पुढे जा. असं लिहिताना 'डेट'च्या फॉरमॅटमधलं टक्क्याचं चिन्ह उलट्या तिरक्या रेघेने झाका. क्रॉनटॅबमध्ये उघडा टक्का म्हणजे ओळ तिथेच तुटते आणि उरलेला मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून जातो. टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही, अशा तक्रारींमध्ये हा टक्का आणि क्रॉनचा तोकडा पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) हे दोघे नेहमीचे गुन्हेगार.

तेवीस मिनिटं

हा आकडा बघून मी पहिल्यांदा हसलो होतो. नऊचा निरोप आठ सदतीसला. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे झालं असेल म्हणून तपासलं, ते सेकंदासकट बरोबर होतं.

कारण पायथॉनच्या पायटीझेड या लायब्ररीत सापडलं. कोणीतरी तारीख-वेळ बनवतानाच तिला थेट पायटीझेडचा कोलकाता झोन चिकटवला होता. तसं केलं की ही लायब्ररी त्या झोनच्या इतिहासातली पहिली नोंद उचलते. ती नोंद म्हणजे कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ, ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, हा हिशेब त्याही आधीचा. नऊमधून ५:५३ गेले की यूटीसी ३:०७, आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवले की ८:३७. एकविसाव्या शतकातल्या कोथरूडला एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याच्या घड्याळावर मेंटेनन्सची आठवण जात होती.

उपाय: पायटीझेड वापरायचंच असेल तर झोन चिकटवू नका, त्याचं 'लोकलाइझ' वापरा. पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो भाषेतच आलं आहे, त्यात हा खड्डा नाही. नव्या कोडमध्ये तेच घ्या. चूक २३ मिनिटांची दिसली तर मी आता कोड न उघडताच सांगतो की पायटीझेड आहे.

एक दिवस

बुधवारी संध्याकाळी सातला जायचा निरोप होता: 'उद्या पाणी बंद, भरून ठेवा.' महापालिकेचं दुरुस्तीचं काम बहुधा गुरुवारी निघतं, आणि पत्रकात ठरलेलं वाक्य असतं की शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल. आम्ही साध्या क्रॉनवरून पायथॉनच्या एपीशेड्युलर या वेळापत्रक चालवणाऱ्या लायब्ररीवर गेलो आणि ओळ तशीच उचलून नेली:

    ० १९ * * ३

गुरुवारी संध्याकाळी कोरड्या नळासमोर उभं राहून लोकांनी वाचलं: उद्या पाणी बंद, भरून ठेवा.

क्रॉनमध्ये वार रविवारपासून मोजतात, रविवार शून्य, आणि सातही रविवारच. म्हणून बुधवार ३. एपीशेड्युलरमध्ये सोमवार शून्य, त्यामुळे ३ म्हणजे गुरुवार. जावाच्या क्वार्ट्झ या शेड्युलरमध्ये रविवार १, तिथे ३ म्हणजे मंगळवार. पायथॉनचं स्वतःचं 'वीकडे' सोमवारला शून्य म्हणतं, 'आयसोवीकडे' सोमवारला एक. जावास्क्रिप्टचं 'गेटडे' पुन्हा रविवारला शून्य. एकाच ३ चे इतके अर्थ!

यावर माझा एकच नियम आहे: वार अंकात लिहायचाच नाही. जवळपास सगळीकडे वाराचं तीन अक्षरी इंग्रजी नाव चालतं, तेच लिहा. आणि ओळ दुसऱ्या प्रणालीतून उचलत असाल तर आधी रकाने मोजा. क्वार्ट्झ आणि स्प्रिंगमध्ये पहिला रकाना सेकंदांचा असतो. त्यामुळे पाच रकान्यांची ओळ तिथे एकतर नाकारली जाते, किंवा कोणी पुढेमागे काही जोडून ती 'दुरुस्त' करतो आणि तासांचा आकडा मिनिटांच्या जागी जाऊन बसतो. लिनक्सच्या सिस्टम क्रॉनटॅबमध्ये पाच रकान्यांनंतर युजरचं नाव असतं. तिथली ओळ स्वतःच्या पार्सरला (ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या कोडला) देताना हा सहावा शब्द आज्ञेत शिरतो.

नको त्या दिवशीही

इथे आकडा वेळेचा नाही, मेसेजांच्या संख्येचा आहे. कमिटीची सभा महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी. दुसरा गुरुवार नेहमी ८ ते १४ तारखांमध्येच पडतो, म्हणून ओळ अशी लिहिली गेली:

    ० १९ ८-१४ * ४

वाचताना अगदी बरोबर वाटते. त्या महिन्यात सभासदांना ओळीने सात दिवस 'आज सभा आहे' गेलं, आणि शिवाय उरलेल्या प्रत्येक गुरुवारी. महिन्याला दहा किंवा अकरा सभा. इतक्या सभा आमच्या सोसायटीच्या सगळ्या इतिहासात झाल्या नसतील.

आपल्या डोक्यात अंगारकीचं गणित असतं. संकष्टी चतुर्थी असावी आणि मंगळवार असावा, दोन्ही जुळलं तर अंगारकी. क्रॉनचं पंचांग उलटं आहे. तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांत काही अट घातली, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी त्याला पुरतं. म्हणजे क्रॉनला अंगारकी सांगायला गेलात तर तो वर्षातल्या प्रत्येक मंगळवारी आणि प्रत्येक संकष्टीला उपास धरेल. बाकीचे रकाने एकमेकांशी 'आणि'ने जोडलेले, फक्त या दोघांमध्ये 'किंवा'.

याहून मोठी खोडी पुढे आहे. 'दोन्हींत अट आहे का' हे विक्सीचं क्रॉन कसं ठरवतं, तर रकान्याचं पहिलं अक्षर चांदणी आहे का एवढंच बघून. म्हणून या दोन ओळी बघा:

    ० ६ */२ * ४
    ० ६ १-३१/२ * ४

दोन्हींत तारखा त्याच, विषम. पहिली चांदणीने सुरू होते म्हणून 'आणि' लागतं आणि काम फक्त विषम तारखेच्या गुरुवारी चालतं. दुसरी प्रत्येक विषम तारखेलाही चालते आणि प्रत्येक गुरुवारीही. तुम्ही स्वतः पार्सर लिहीत असाल आणि ओळ वाचल्या वाचल्या रकान्याचा नुसता संच करून ठेवत असाल, तर चांदणी होती की नाही ही माहिती तिथेच हरवते. संचाबरोबर एक झेंडा, म्हणजे चांदणी होती की नाही याची खूण, ठेवा. लायब्ररी वापरत असाल तर तिच्यावर भरवसा न ठेवता या दोन ओळी तिला देऊन बघा. या बाबतीत सगळ्या लायब्ऱ्या एकसारख्या वागत नाहीत.

आमच्या सभेसाठी ओळ ८ ते १४ ला ठेवली, वाराच्या रकान्यात चांदणी, आणि आज गुरुवार आहे का ते आज्ञेतच तपासलं. क्वार्ट्झ असतं तर वाराच्या रकान्यात `५#२` लिहून भागलं असतं, म्हणजे दुसरा गुरुवार. तिथे तारीख आणि वार या दोन्हींत अट घालताच येत नाही, एकीकडे प्रश्नचिन्ह द्यावंच लागतं. मला हा हट्ट आवडतो, निदान घोटाळा तरी टळतो.

'दर इतक्या वेळाने'

तिरक्या रेघेला लोक 'दर' म्हणून वाचतात. `*/४५` म्हणजे दर पंचेचाळीस मिनिटांनी? नाही. तासाच्या शून्य मिनिटाला आणि पंचेचाळिसाव्याला. म्हणजे एक अंतर ४५ मिनिटांचं आणि पुढचं १५ चं. `*/७` तासाच्या शेवटी ५६ ला चालतं आणि चारच मिनिटांनी पुन्हा शून्यावर. तासांच्या रकान्यात `*/५` लिहिलंत तर रात्री आठनंतरचं काम चार तासांनीच, मध्यरात्री. तारखेच्या रकान्यात `*/२` लिहिलंत तर ३१ आणि १ असे लागोपाठ दोन दिवस. चाळण दर तासाला, दर महिन्याला नव्याने सुरू होते, मागचं काही आठवत नाही.

पंपाच्या तपासणीची आठवण दर दीड तासाने हवी होती. एका ओळीत बसत नाही, दोन लागतात:

    ० ०-२१/३ * * *
    ३० १-२२/३ * * *

दिवसाचे २४ तास दीडने पूर्ण भागतात म्हणून हे जमलं. पाच तास किंवा सात मिनिटं असं काही हवं असेल तर क्रॉनचा नाद सोडा आणि मागच्या वेळेपासून मोजणारा टायमर घ्या.

टोकांकडेही लक्ष ठेवा. `*/१५ ९-१२` हे बाराला थांबत नाही, पावणेएकपर्यंत चालतं, कारण बाराचा पूर्ण तास त्यात येतो.

पुढची वेळ काढणारा कोड

इथे थोडं थांबतो, कारण जास्तीत जास्त रात्री मी इथेच घालवल्या आहेत. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक कामापुढे 'पुढची वेळ' दिसते. ती एक सांगायची आणि काम दुसऱ्याच वेळी व्हायचं. चालवणारा एक कोड, दाखवणारा दुसरा, आणि दोघांची समज वेगळी. पहिली दुरुस्ती तीच केली: दोन्हीकडे एकच फंक्शन.

ते फंक्शन मिनिटामागून मिनिट तपासत जाऊ शकतं. वर्षात ५,२५,६०० मिनिटं, त्यामुळे वार्षिक कामासाठी हळू वाटतं, पण चुकत नाही. शहाणा मार्ग असा:

    वेळ = दिलेली वेळ, सेकंद कापून, अधिक १ मिनिट
    फेरी:
      मर्यादेचं वर्ष ओलांडलं → "कधीच नाही" सांगून थांबा
      महिना बसत नाही → पुढच्या महिन्याची १ तारीख, ००:००, पुन्हा फेरी
      दिवस बसत नाही → दुसरा दिवस, ००:००, पुन्हा फेरी
      तास बसत नाही → पुढचा तास, शून्य मिनिट, पुन्हा फेरी
      मिनिट बसत नाही → पुढचं मिनिट, पुन्हा फेरी
      सगळं बसलं → हीच वेळ

मोठा रकाना पुढे सरकला की लहान रकाने तळापर्यंत खाली आणायचे आणि पुन्हा वरून बघायचं. 'पुन्हा फेरी' गाळलीत, तर दिवस सरकवताना महिना बदलला हे कोडच्या लक्षात येत नाही.

आमची चूक फेरीतल्या दुसऱ्या ओळीत होती, 'पुढच्या महिन्याची १ तारीख'. जावास्क्रिप्टमध्ये आधी महिना वाढवला होता आणि मग तारीख १ केली होती. ३१ जानेवारी २०२६ ला हिशेब केला की महिना वाढवल्यावर ३१ फेब्रुवारी होतो, जावास्क्रिप्ट त्याचा न कुरकुरता ३ मार्च करते, आणि मग १ मार्च. फेब्रुवारी गायब. जानेवारीत २९, ३० आणि ३१ ला केलेल्या हिशेबातच ही चूक दिसते. बाकी वर्षभर ती फक्त ३१ तारखेला बाहेर येते, आणि तीही पुढचा महिना ३० दिवसांचा असेल तर. महिन्याच्या मधे चालवलेली टेस्ट हिरवीगार. आधी तारीख १ करा, मग महिना वाढवा, एवढाच बदल. पायथॉन अशा ठिकाणी एरर तरी फेकतो. जावाचं 'प्लसमंथ्स' ३१ जानेवारीचं २८ फेब्रुवारी करतं. तेही चालेल, पण त्याच तारखेत पुन्हा महिना मिळवलात तर २८ मार्च येतो आणि महिनाअखेर कायमची २८ वर अडकते.

पहिल्या ओळीतला 'अधिक १ मिनिट' हाही शोभेचा नाही. तो नसेल तर नऊ वाजता विचारलं की उत्तर पुन्हा नऊच येतं आणि काम फिरून फिरून चालतं. तो असूनही दोनदा चालण्याचा प्रकार आम्ही बघितला. टायमर जरासा लवकर उठला, ८:५९:५९ ला. काम झालं, आणि मग 'आत्तापासून पुढची वेळ' विचारली तर कोड म्हणाला ९:००. एका सेकंदाने पुन्हा तेच बिल. तेव्हापासून पुढची वेळ 'आत्ता'पासून काढत नाही, जी वेळ ठरली होती तिच्यापासून काढतो. मशीन बराच वेळ बंद असेल तर मात्र यात मागचे सगळे राहिलेले रन एकदम अंगावर येतात. ते चालवायचे, टाकून द्यायचे, की फक्त शेवटचा चालवायचा, हे प्रत्येक कामासाठी वेगळं ठरवावं लागतं. साधं क्रॉन टाकून देतं, सिस्टमडीच्या टायमरला 'पर्सिस्टंट' दिलं तर उठल्यावर एकदा चालवतं.

मर्यादेचं वर्ष कशाला? `० ० ३० २ *` साठी. ३० फेब्रुवारी येणार नाही, पण कोड शोधत राहील आणि सीपीयू तापेल. मर्यादा चार वर्षांची ठेवू नका. २१०० हे लीप वर्ष नाही, म्हणून २०९६ नंतर २९ फेब्रुवारी थेट २१०४ मध्ये येतो. आठ वर्षं. आणि गंमत म्हणजे `० ० ३० २ ४` ही ओळ 'कधीच नाही' नव्हे. त्या 'किंवा'मुळे ती फेब्रुवारीतल्या प्रत्येक गुरुवारी चालते. ओळ तपासताना 'अशक्य तारीख' म्हणून नाकारणारा कोड इथे चुकतो.

तपासणीसाठी तो हळू, मिनिट-मिनिट मोजणारा कोड फेकून देऊ नका. टेस्टमध्ये त्याला पंच म्हणून उभा करा. वाटेल तशा शेकडो ओळी तयार करून दोन्ही कोडना द्या आणि उत्तरं जुळतात का बघा. वरच्या बहुतेक चुका मला अशाच सापडल्या. सिस्टमडी असेल तर 'सिस्टमडी-ॲनालाइझ कॅलेंडर' पुढच्या वेळा छापून देतं, आणि किती हव्यात तेही सांगता येतं.

एक तास, वर्षातून दोनदा

आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, म्हणून हा आकडा फक्त परदेशी ग्राहक असलेल्यांना दिसतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. भारतीय वेळेत ओळ पक्की केलीत तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये ती एका तासाने चुकणार. ओळ त्यांच्याच झोनमध्ये लिहा. आणि रात्री एक ते तीनच्या मधे काही लावू नका: मार्चमध्ये तिथे अडीच वाजतच नाहीत, नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो.

देवनागरी अंकांची गोष्ट

काकांनी नवा फोन घेतला, मराठी कीबोर्ड लावला आणि वेळेच्या रकान्यात ९ असं देवनागरीत टाइप केलं. स्क्रीनवर पुढच्या वेळेच्या जागी 'नॅन' आलं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या भाषेत 'हा आकडा नाही'. मेसेज मात्र बरोबर नऊला गेला. काका म्हणाले, "तुमच्यात नॅन म्हणजे नऊ का?"

पायथॉनचं 'इंट' देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं, त्याच्या रेगेक्समधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतलं) अंकाचं चिन्हही ते ओळखतं. जावाचं 'पार्सइंट'सुद्धा वाचतं. जावास्क्रिप्ट वाचत नाही. म्हणजे मागची बाजू मराठी जाणते आणि पुढची नाही. आता इनपुट आत घेतानाच सगळे अंक एकाच लिपीत करून घेतो आणि मगच पार्सरकडे देतो. 'इंग्रजी अंकच वापरा' अशी सूचना लिहून भागलं असतं, पण सूचना वाचणाऱ्या लोकांसाठी आम्ही काम करत नाही.

एकाआड एक गुरुवार

हे क्रॉनमध्ये बसतच नाही, तरी मागणी दर सोसायटीची असते, कारण टाकी धुवायची ती पाणी बंद असतानाच. एकाआड एक गुरुवारी सकाळी सहाला वॉचमनला निरोप जायला हवा.

पहिला प्रयत्न: दर गुरुवारी चालवा आणि वर्षाचा आठवडा विषम असेल तरच पुढे जा. २०२६ मध्ये आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या, हिशेबाने ५३ आठवडे आहेत. ३१ डिसेंबर २०२६ चा गुरुवार ५३ वा, ७ जानेवारी २०२७ चा पहिला. दोन्ही विषम, लागोपाठ दोन गुरुवारी टाकी धुतली जाणार. ही चूक टेस्टमध्येच सापडली.

दुसरा प्रयत्न: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आठवड्याच्या सेकंदांनी भागायचे आणि भागाकार सम की विषम ते बघायचं. काही महिने हे सुरळीत चाललं. मग उन्हाळ्यात वॉचमनच्या सोयीसाठी निरोप सहाऐवजी पाचला केला, आणि गुरुवार उलटे झाले. ज्या आठवड्यात नको त्याच आठवड्यात निरोप. वेळ एका तासाने बदलली होती, काम सात दिवसांनी सरकलं. १ जानेवारी १९७० हाही गुरुवारच होता, आणि तो यूटीसीत मध्यरात्री सुरू झाला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. त्यामुळे या हिशेबात आठवडा दर गुरुवारी साडेपाचला बदलतो. सहाचा निरोप नव्या आठवड्यात, पाचचा जुन्यात.

आता सेकंद मोजत नाही. ज्या गुरुवारी पहिल्यांदा टाकी धुतली त्या तारखेपासून भारतीय कॅलेंडरच्या आजच्या तारखेपर्यंत किती दिवस झाले ते काढतो, १४ ने भागतो, बाकी शून्य असेल तरच निरोप. त्या पहिल्या गुरुवारच्या तारखेला स्क्रीनवर वेगळा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण दाबता येत नाही.